फक्त प्रौढांसाठी (पोहण्याच्या टँकबद्दल बोलतोय!)

शीर्षक वाचून कोणी भलत्याच अपेक्षेने इथे आलं असेल तर आधीच सॉरी. या शनिवारचा विषय अगदी सोज्वळ आहे. क्रूझ जहाजांवर मोठ्या माणसांसाठी पोहण्याचा वेगळा टँक असावा का? 'असेना का, आपल्याला काय' असं वाटणं साहजिक आहे. मलाही तसंच वाटायचं, मागच्या डिसेंबरपर्यंत.

मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं, म्हणजे मी, बायको, पाच वर्षांची लेक आणि आई, सिंगापूरहून सुटणाऱ्या एका क्रूझवर चार रात्री जाऊन आलो. (ऑफिसातल्या तिघांनी आधीच फोटो टाकले होते, त्यामुळे आम्हाला जाणं भागच होतं. असो.) जहाजावर दोन मोठे टँक होते. एकात अख्खी बालवाडी उतरलेली. कल्ला, शिट्ट्या, उडणारं पाणी, आणि 'पळू नकोस' असं सात-आठ भाषांत ओरडणारे आईबाप. दुसरा टँक जरा पुढे, दाराआड. आत शांतता. लोक पुस्तकं वाचतायत, कोणी डोळे मिटून पडलंय. दारावर पाटी: मुलांना प्रवेश नाही.

आई म्हणाली, "तुम्ही दोघं जा रे तिकडे, मी बघते हिच्याकडे."

आम्ही गेलो. दीड तास स्वर्ग. किती वर्षांनी आम्ही दोघं सलग इतका वेळ बोललो असू कोण जाणे. बाहेर आलो तर आई त्या गोंगाटात, उन्हात, एका खुर्चीवर बसलेली. पायाशी चपलांचे तीन जोड, मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली नात. आईने स्वतः पाण्यात पायसुद्धा घातले नव्हते. लेकीने विचारलं, "बाबा, तिकडे मुलं का नाही चालत?" मी म्हटलं, "नियम आहे गं तसा." म्हणजे आपण क्लायंटला 'हा बग नाही, डिझाइनच तसं आहे' असं सांगतो ना, तसलंच उत्तर.

पण डिझाइन कोणी केलं? आणि कधी? घरी आल्यावर वाचत सुटलो.

सुरुवात शंभरेक वर्षांपूर्वीपासून करू. 'व्हाइट स्टार' कंपनीची 'एड्रिअॅटिक' ही १९०७ सालची बोट पोटात पोहण्याचा टँक घेऊन अटलांटिकवर फिरणाऱ्या पहिल्या बोटींपैकी एक. त्याच कंपनीच्या १९११ च्या 'ऑलिंपिक'वर आणि १९१२ च्या 'टायटॅनिक'वरही टँक होता, समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा. गंमत म्हणजे तिथे पुण्यातल्या टँकसारख्या चक्क बॅचेस होत्या! बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. व्यायामशाळेत तर मुलांसाठीही दुपारची स्वतंत्र वेळ होती. आपल्या भाषेत सांगायचं तर हे टाइम-शेअरिंग. रिसोर्स एकच, वापरणारे पाळीपाळीने.

पण ही पाळी फक्त पहिल्या वर्गाच्या उतारूंची. 'टायटॅनिक'वरची बहुसंख्य मुलं तिसऱ्या वर्गात होती आणि त्यांच्यासाठी, किंवा त्यांच्या आईबापांसाठी, टँक नव्हताच. कुंपण वयाचं नव्हतं, तिकिटाचं होतं. या काळातल्या प्रत्येक मोठ्या बोटीचा नकाशा बघा. डेक वेगळे, जिने वेगळे, जेवणाच्या खोल्या वेगळ्या. पोहण्याच्या पाण्याभोवती माणसांनी काढलेल्या रेघा हा तसाही जुनाच प्रकार आहे. आपल्या मुंबईतला ब्रीच कँडीचा टँक स्वातंत्र्याआधी गोऱ्यांसाठीच राखीव होता, तिथे रेघ कातडीची.

मग पहिल्या वर्गातल्या मोठ्यांना शांतता कशी मिळायची? मुलं तर तिथेही होती. काही बोटींनी मुलांसाठी जागाच वेगळी केली. 'नॉर्मंडी' ही १९३५ सालची फ्रेंच बोट म्हणजे त्या काळातला थाटामाटाचा कळस. तिच्यावर मुलांसाठी वेगळी जेवणाची खोली होती आणि तिच्या भिंतींवर बाबार हत्तीची चित्रं होती, बाबारच्या जनकाने, ज्याँ द ब्रुनॉफने, खास त्या बोटीसाठी केलेली. वाचून मला आधी कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, मुलांना हत्ती आणि मोठ्यांना शांतपणे जेवण, असा हा दुहेरी सौदा होता.

आणि त्या सौद्यात एक तिसरी पार्टी होती, जिचं नाव नकाशावर नसतं. मुलं सांभाळणारी बाई.

इथे गोष्ट थेट आपल्याकडे येते. १८६९ साली सुएझ कालवा उघडला आणि मुंबई हे विलायतेच्या बोटींचं मोठं बंदर झालं. साहेबाचं कुटुंब घरी जायला निघालं की सोबत आया असायची. आठवडेच्या आठवडे समुद्रावर मुलांना न्हाऊमाखू घालणं, जेवू घालणं, रडली तर रात्री फिरवणं हे सगळं तिचं काम. मेमसाहेब डेकवर आरामखुर्चीत बसू शकायची ती त्यामुळे. लंडनला पोचल्यावर यातल्या कित्येक जणींना परतीचं तिकीट न देता सोडून दिलं जायचं. अशा आयांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं वसतिगृह होतं, आधी ऑल्डगेट भागात आणि १९०० पासून हॅकनीमध्ये. ते एक ख्रिस्ती मिशन चालवायचं. परत हिंदुस्थानात जाणारं एखादं कुटुंब मिळेपर्यंत या बायका तिथे राहायच्या. म्हणजे पुन्हा कोणाची तरी मुलं सांभाळत घरी यायचं! २०२२ साली हॅकनीतल्या त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली. इतक्या वर्षांनी.

हे वाचताना ती ओला टॉवेल मांडीवर घेतलेली आई डोळ्यासमोर आली, खोटं कशाला बोलू. तुलना पूर्ण बरोबर नाही हे मला कळतं. आई नातीसाठी आनंदाने बसली होती, तिला कोणी परक्या बंदरात सोडून दिलं नव्हतं. पण दीड तासाची शांतता कोणाच्या तरी मांडीवर उभी होती, एवढं साम्य होतंच.

असो. पुढे काय झालं ते बघू.

१९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि पाच दिवसांचा प्रवास काही तासांवर आला. बोटींचा धंदा बसला. तेव्हा कंपन्यांनी एक भारी पिव्हट केला (आजचं स्टार्टअप भाषेतलं नाव). बोट हे कुठेतरी पोचायचं साधन न राहता बोटच मुक्काम झाली. 'रॉयल कॅरिबिअन'चं पहिलं जहाज 'साँग ऑफ नॉर्वे' १९७० साली आलं, 'कार्निव्हल'चं 'मार्डी ग्रा' १९७२ साली. (हे दुसरं पहिल्याच सफरीत मायामीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. पहिल्या रिलीजचं असं होतंच.)

या नव्या जहाजांवर वर्गांच्या भिंती गेल्या. सगळ्यांना तोच डेक, तेच जेवण, तोच टँक. टँकही बोटीच्या पोटातून वर उन्हात आला. तिसाव्या दशकात 'रेक्स'सारख्या इटालियन बोटींवर तो तसा आधीच होता. आजही टँकच्या डेकला 'लिडो डेक' म्हणतात ते व्हेनिसच्या समुद्रकिनाऱ्याच्या नावावरून. लोकशाही आली म्हणा ना! पण लोकशाही आली की गर्दी येते, आणि स्वस्त सुट्टी म्हटली की पोरंबाळंही येणारच. ऐंशीच्या दशकात फ्लॉरिडाहून 'द बिग रेड बोट' नावाने लाल रंगाची जहाजं खास कुटुंबांसाठी सुटायला लागली. आता एकच टँक, पाळ्या नाहीत, आया नाही. भांडण ठरलेलं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. १९९८ साली डिस्नेने आपलं पहिलं जहाज 'डिस्ने मॅजिक' समुद्रात आणलं. डिस्ने! ज्यांचा सगळा डोलारा लहान मुलांवर उभा आहे ते लोक. त्यांनी वरच्या डेकवर तीन टँक केले. एक मिकीचा, अगदी लहानांसाठी. एक गूफीचा, सगळ्या कुटुंबासाठी. आणि तिसरा, 'क्वाएट कोव्ह', फक्त मोठ्यांसाठी. शिवाय त्यांच्या खासगी बेटावर मोठ्यांसाठी वेगळा किनारा. म्हणजे मुलांचा धंदा ज्यांना सगळ्यात जास्त कळतो, त्यांनीच पहिल्या दिवसापासून मुलांना बंदी असलेला टँक बांधला. कारण त्यांना माहीत होतं की तिकीट काढणारे आईबाप असतात आणि तेही दमलेले असतात. आता त्या तीन टँकांचा क्रम बघा. मुलांना आधी स्वतःचं पाणी दिलं, किड्स क्लब दिला, आणि मग तिसऱ्या टँकवर पाटी लावली.

बाकीच्यांचंही तेच झालं. 'रॉयल कॅरिबिअन'चं काचेच्या छपराखालचं सोलॅरियम, 'कार्निव्हल'चं 'सेरेनिटी'. गंमत बघा, मोठं कोणाला म्हणायचं यावर मात्र एकमत नाही. सोलॅरियममध्ये १६, डिस्नेवर १८, 'सेरेनिटी'त २१. एकाच कॉन्स्टंटच्या तीन व्हॅल्यू! यावरून एक कळतं. ही रेघ शास्त्राने काढलेली नाही, ती सोयीची आहे. शास्त्राची रेघ वेगळीच आहे. अमेरिकेत जहाजांच्या स्वच्छतेचे सरकारी नियम आहेत, त्यानुसार डायपरमधल्या बाळाला सर्वसाधारण टँकमध्ये उतरवता येत नाही, मग आजूबाजूला मोठे असोत की छोटे. ते आजारपण पसरू नये म्हणून. मोठ्यांचा टँक आहे तो निव्वळ शांततेसाठी.

काहींनी तर सगळं जहाजच मोठ्यांचं केलं. ब्रिटिश 'पी अँड ओ'चं 'आर्केडिया' २००५ मध्ये तसं आलं, 'व्हर्जिन'चं 'स्कार्लेट लेडी' २०२१ मध्ये. उलट टोकाला २०२४ सालचं 'आयकॉन ऑफ द सीज'. सात टँक, जास्तीत जास्त ७,६०० उतारू, छोट्या मुलांच्या कुटुंबांसाठी एक स्वतंत्र वस्तीच, आणि मागच्या बाजूला मोठ्यांचा वेगळा टँक.

मग असावा का मोठ्यांचा टँक?

विरोधात बोलणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो, निदान अर्धा. मुलाचंही तिकीट काढलेलं असतं. मूल म्हणजे काही उपद्रव नव्हे, की दारावर पाटी लावून बाहेर ठेवावं. आणि पाण्याभोवती रेघ काढणाऱ्यांचा इतिहास वर सांगितलाच.

पण नीट विचार केला तर वयाची रेघ बाकीच्या रेघांसारखी नाही. कातडीची रेघ जन्मभर ओलांडता येत नाही. तिकिटाची रेघ बहुतेकांना ओलांडता येत नाही. वयाची रेघ मात्र प्रत्येक जण ओलांडतो, फक्त थांबावं लागतं. आज बाहेर उभी असलेली माझी लेक एक दिवस आत असेल आणि कोणाच्या तरी पोरांच्या दंग्यावर नाक मुरडेल. :-) शिवाय टाइम-शेअरिंगने भागत नाही हे कुठल्याही सोसायटीच्या टँकवर उभं राहून बघा. पाच वर्षांच्या मुलीला 'तुझी बॅच संपली' सांगण्यापेक्षा तिला दिवसभर तिचं स्वतःचं पाणी देणं जास्त दयाळूपणाचं. म्हणून माझं मत: असावा.

दोन अटींवर. पहिली, मुलांचा टँक आधी आणि चांगला. डिस्नेचा क्रम. जहाजावर धड टँक एकच असेल तर तो सगळ्यांचा, आणि शांतता हवी त्याने केबिनमध्ये जावं.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. फुकट असावा. 'प्रिन्सेस' कंपनीने २००६ मध्ये 'क्राउन प्रिन्सेस'वर 'सँक्च्युअरी' आणलं. मोठ्यांसाठी शांत डेक, पण बसायचे वेगळे पैसे. इतरांनीही तसले प्रकार काढले, कुठे जास्त पैसे, कुठे महागड्या सूटवाल्यांनाच प्रवेश. म्हणजे फिरून आपण १९१२ मध्येच आलो की! वयाचं नाव सांगून तिकिटाचं कुंपण परत उभं. डेक तेवढाच असतो, विकलेला प्रत्येक कोपरा बाकीच्यांच्या गर्दीत भर घालतो.

आणि तिसरी अट कंपनीला नाही, मला स्वतःला. शेवटच्या दिवशी सकाळी मी लेकीला घेऊन गोंगाटाच्या टँकवर गेलो आणि बायकोला म्हटलं, आईला तिकडे घेऊन जा. आई आधी नको नको म्हणाली. "मला काय करायचंय रे पाण्यात, मला कुठे पोहता येतं?" पण गेली. मी इकडे दोन तास डोळ्यांत क्लोरीन घेत 'पळू नकोस' म्हणणारा नववा आवाज झालो.

दुपारी आई आली. पंजाबी ड्रेसच्या सलवारी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. "नुसते पाय सोडून बसले होते," म्हणाली. "काही आवाज नाही रे तिथे. छान वाटलं."

एवढंच बोलली आणि नातीचे केस पुसायला लागली.