पाठुंगळीचं यान

अवकाशातून परतलेलं स्पेस शटल जिथे उतरे तिथेच अडकून पडे. त्याची मुख्य इंजिनं फक्त वर जाताना, बाहेरच्या भल्यामोठ्या टाकीतल्या इंधनावर चालत, आणि कक्षेत पोचता पोचता ती टाकी टाकून दिलेली असे. परतताना वातावरणात शिरल्यापासून धावपट्टीला चाकं टेकेपर्यंत ते नुसतं ग्लायडर. उतरायची संधी एकच. पुढच्या मोहिमेची तयारी फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावर व्हायची, म्हणून तिथेच उतरणं सर्वांत सोयीचं. पण सुरुवातीच्या बऱ्याच मोहिमा मुद्दाम कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात, एडवर्ड्स हवाई तळावर उतरवल्या गेल्या, आणि पुढेही फ्लोरिडात ढग किंवा पाऊस आडवा आला की एडवर्ड्सचाच आधार होता. एकूण 133 अवतरणांपैकी 54 एडवर्ड्सवर झाली. म्हणजे 54 वेळा सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रश्न उभा राहिला: 37 मीटर लांब, 24 मीटर रुंद, पाऊणशे टनांहून जड आणि पावसाचा थेंबही न सोसणारं हे धूड देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं कसं?

जून 2007 मध्ये सुनीता विल्यम्स 'अटलांटिस'मधून परतल्या, तेव्हा आपल्याकडे घराघरांत टीव्ही लागलेले होते. फ्लोरिडातल्या खराब हवेमुळे यान 22 जूनला एडवर्ड्सला उतरलं, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बातमी संपली. यानाचा प्रवास मात्र संपला नव्हता. 1 जुलैला ते एका बोइंग 747 च्या पाठीवर बसून निघालं. टेक्ससमधलं अमरिलो, नेब्रास्कातला ऑफट हवाई तळ, केंटकीतलं फोर्ट कॅम्पबेल असे मुक्काम करत 3 जुलैला ते केनेडीला पोचलं. वाटेतल्या गावांतल्या लोकांना अवकाशातून नुकतंच आलेलं यान डोक्यावरून जाताना दिसलं. या प्रवासाची मुळं कुठे आहेत आणि ते पाहायला जाणाऱ्यांची परंपरा कशी घडली, याचा हा मागोवा.

एका विमानावर दुसरं विमान बसवायची कल्पना शटलपेक्षा बरीच जुनी. 1930 च्या दशकात ब्रिटनच्या इम्पीरियल एअरवेजला अटलांटिकपार टपाल न्यायचं होतं. अडचण अशी की तेवढं इंधन भरलं की विमान पाण्यावरून उठेच ना. एकदा हवेत गेल्यावर मात्र तेच वजन ते आरामात पेलू शकत होतं. रॉबर्ट मेयो यांनी यावर तोडगा काढला. 'माया' नावाच्या मोठ्या उडत्या बोटीच्या पाठीवर 'मर्क्युरी' हे चार इंजिनांचं छोटं सागरी विमान बसवायचं, दोघांनी मिळून वर जायचं आणि हवेत सुटं व्हायचं. 21 जुलै 1938 रोजी आयर्लंडमधल्या फॉइन्सहून ही जोडी उडाली, मर्क्युरी वेगळं झालं आणि डॉन बेनेट यांनी ते वीस तासांहून थोड्या जास्त वेळात मॉन्ट्रियलजवळ उतरवलं. वर्षभरात महायुद्ध सुरू झालं आणि ही शाखा तिथेच खुंटली. युद्धात जर्मनांनी हीच मांडणी उलट्या हेतूने वापरली: खाली स्फोटकांनी भरलेलं बिनमाणसांचं बाँबर आणि वर वैमानिकाचं लढाऊ विमान.

युद्धानंतर अमेरिकेत पाठीऐवजी पोट आणि पंख आले. एडवर्ड्सच्याच आकाशात बी-52 च्या पंखाखाली टांगलेलं एक्स-15 हे रॉकेट विमान सोडलं जाई. ती बी-52 चालवणाऱ्यांत फिट्झ फुल्टन होते. पुढे 1977 मध्ये शटल पाठीवर घेऊन उडालेल्या पहिल्या 747 च्या कॉकपिटमध्येही तेच बसले. विमानांच्या वंशावळीत यंत्रांइतकीच माणसंही दुवे असतात, आणि फुल्टन हा मला त्यातला फार मोलाचा दुवा वाटतो.

शटलच्या सुरुवातीच्या आराखड्यांत त्यालाच जेट इंजिनं लावून स्वतः उडत नेण्याचा विचार होता. वजन आणि खर्च यांत तो बारगळला. मग दुसऱ्याच्या जिवावर नेणं आलं. हवाई दलाचं सी-5 गॅलॅक्सी आणि बोइंगचं 747 असे दोन उमेदवार होते. जॉन कॉनरॉय या हरहुन्नरी गृहस्थांनी तर दोन धडांचं, मध्ये शटल लटकवायची सोय असलेलं 'व्हर्टस' नावाचं अजस्र विमान सुचवलं होतं. ते कागदावरच राहिलं. 747 चे पंख खालच्या अंगाला असल्याने ते या कामाला बरं पडत होतं. शिवाय ते नासाला स्वतःच्या मालकीचं घेता येणार होतं. सी-5 घेतलं असतं तर मालकी हवाई दलाकडेच राहिली असती.

तरीही पाठीवर एवढा बोजा घेऊन जंबो जेट उडेल यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. ह्यूस्टनच्या जॉन्सन अवकाश केंद्रातले अभियंते जॉन कायकर यांना विमानांची मॉडेल्स बनवून उडवायचा नाद होता. त्यांनी 747 आणि शटलची रेडिओवर चालणारी मॉडेल्स तयार केली, एक दुसऱ्यावर बसवून उडवली आणि हवेत वेगळी करून दाखवली. अब्जावधी डॉलरच्या प्रकल्पातला एक मोठा निर्णय पक्का व्हायला एका छंदिष्टाच्या हातातला रिमोट कामी आला. पुढे जमिनीवरून माना वर करून पाहणाऱ्या हजारो छंदिष्टांचा हा पूर्वज, असं मी मानतो.

1974 मध्ये नासाने अमेरिकन एअरलाइन्सकडून एक वापरलेलं 747 विकत घेतलं. त्याचा क्रमांक 905. आतल्या खुर्च्या जवळजवळ सगळ्या निघाल्या, धडाला आतून बळकटी दिली गेली, शेपटीच्या आडव्या पंखांच्या टोकांना दोन उभे पडदे लागले, कारण पाठीवरच्या यानामुळे मागच्या उभ्या शेपटीला नीट वारा मिळत नसे. वर तीन खांब उभे राहिले: पुढे एक, मागे दोन. यातल्या एका खांबावर कोणीतरी सूचना रंगवली आहे: ऑर्बिटर इथे जोडावा, काळी बाजू खाली. यानाच्या पोटाला काळ्या फरश्या असतात, त्यामुळे सूचना अगदी बरोबर आहे, आणि जोडणी करणाऱ्या टोळीचा या विमानावर किती जीव होता हेही तिच्यातून कळतं. विमानाच्या डाव्या कुशीवर प्रत्येक फेरीमागे शटलची एक छोटी आकृती रंगवली जाई. अमेरिकन एअरलाइन्सचे पट्टे मात्र 1983 पर्यंत तसेच होते, त्यामुळे सुरुवातीच्या फोटोंत प्रवासी कंपनीच्या पोशाखातलं विमान पाठीवर अवकाशयान घेऊन निघालेलं दिसतं.

12 ऑगस्ट 1977 ला या जोडीची खरी परीक्षा झाली. वर 'एंटरप्राइझ' हे कधीच अवकाशात न गेलेलं चाचणी-यान, त्यात फ्रेड हेज आणि गॉर्डन फुलर्टन. सुमारे 24 हजार फुटांवर फुल्टननी 747 चं नाक थोडं खाली केलं, हेजनी कळ दाबली, स्फोटक बोल्ट उडाले आणि एंटरप्राइझ वर उचललं गेलं. यान उजवीकडे वळलं, विमान डावीकडे. 5 मिनिटं 21 सेकंदांनी यान वाळवंटातल्या कोरड्या तळ्यावर उतरलं.

अवकाशात जाणाऱ्या यानाची ने-आण सुरू झाली ती 1979 मध्ये, 'कोलंबिया' फ्लोरिडाला न्यायचं ठरलं तेव्हा. निघण्याआधीच्या चाचणी-उड्डाणात त्याच्या फरश्या निखळून पडल्या. दुरुस्ती करून मार्चमध्ये निघालं, तर वाटेत पावसाने थांबवलं. या फरश्या सिलिकाच्या, हलक्या आणि ठिसूळ. वेगात उडताना पावसाचे थेंब त्यांना टवके पाडतात. म्हणून पुढे नियम पक्के झाले: दिवसाच उडायचं, पाऊस टाळायचा, ढगात शिरायचं नाही. जोडीच्या पुढे सुमारे 160 किलोमीटरवर एक वेगळं विमान हवेचा अंदाज घेत जायचं. उंची पंधरा हजार फुटांच्या आसपास, म्हणजे प्रवासी विमानाच्या निम्मीसुद्धा नाही. इंधन दुपटीने जळायचं आणि एका दमात जेमतेम अठराशे किलोमीटर कापता यायचं, त्यामुळे वाटेत थांबणं भाग होतं.

अभियंत्यांच्या दृष्टीने या सगळ्या नसत्या कटकटी होत्या. पण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर याच अडचणींनी त्याला यान दाखवलं. ते दिवसाउजेडी, स्वच्छ आकाशात, कमी उंचीवरून जायचं आणि लहानमोठ्या गावांत मुक्काम करायचं. शटलचं प्रक्षेपण पाहायला फ्लोरिडा गाठावं लागे आणि तिथेही काही मिनिटांत सगळा खेळ आटपे. पाठुंगळीवरचं यान मात्र स्वतःहून टेक्ससच्या, नेब्रास्काच्या माणसाच्या डोक्यावर यायचं. विमानवेड्यांनी हे फार लवकर ओळखलं. एडवर्ड्सला अवतरण झालं की ते हवामानाचे नकाशे पाहायला लागत. कोणत्या पट्ट्यात पाऊस नाही आणि त्या पट्ट्यात मोठी धावपट्टी असलेले तळ कोणते, हे जुळवलं की मार्गाचा अंदाज बांधता येई.

याच काळात पलीकडेही पाठ शोधली जात होती. सोव्हिएत संघाने आपलं 'बुरान' नेण्यासाठी सहा इंजिनांचं अंतोनोव्ह 225 बांधलं, आणि जून 1989 मध्ये ही जोडी पॅरिसच्या विमान प्रदर्शनात आली. सहा वर्षांपूर्वी तिथेच एंटरप्राइझ 747 वर बसून येऊन गेलं होतं. बुरानचा शेवट दुःखद झाला: 2002 मध्ये बैकोनूरच्या हँगरचं छप्पर कोसळून ते चिरडलं गेलं. अंतोनोव्हने पुढे जगभर अवजड माल वाहिला, 2016 मध्ये हैदराबादला ते उतरलं तेव्हा आपल्याकडच्या विमानवेड्यांनाही ते पाहता आलं, आणि 2022 मध्ये युक्रेनवरच्या हल्ल्यात कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर ते नष्ट झालं. त्या मोडक्या नाकाचा फोटो मला अजूनही नीट पाहवत नाही.

अमेरिकेत 2011 मध्ये शटलची सेवा संपली आणि उरलेली यानं संग्रहालयांत जाणार हे ठरलं. 'अटलांटिस' केनेडीतच राहिलं. बाकीच्या तिघांना पोचवण्याचं काम पुन्हा 905 कडे आलं. जपान एअरलाइन्सकडून घेतलेलं जोडीदार विमान 911 फेब्रुवारी 2012 मध्येच निवृत्त झालं होतं. या वेळी नासाने एक चांगली गोष्ट केली. मार्गावरच्या ठळक जागा आणि अंदाजे वेळा आधी जाहीर केल्या आणि शहरांवरून जोडी अवघ्या दीड हजार फुटांवरून नेली. तीस वर्षं जे योगायोगाने दिसत होतं, ते आता मुद्दाम दाखवायचं होतं.

तरी बेत आखणं सोपं नव्हतं. 17 एप्रिलला 'डिस्कव्हरी' ठरल्याप्रमाणे वॉशिंग्टनवरून गेलं. न्यूयॉर्कला जाणाऱ्या 'एंटरप्राइझ'चं उड्डाण मात्र हवेमुळे 23 एप्रिलवरून 27 ला ढकललं गेलं. 'एंडेव्हर' सप्टेंबरमध्ये 17 तारखेला निघायचं ते 19 ला निघालं. रजा काढून, गाडीत पेट्रोल भरून ठेवलेल्यांना सगळं पुन्हा जुळवावं लागलं. जागा निवडणं हा वेगळाच अभ्यास. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर यानाची काळी कड आणि विमानाचं पोट एकच गडद डाग होऊन जातं. लॉस एंजेलिसला विमानतळाच्या दक्षिणेची इंपीरियल हिल ही स्पॉटर्सची जुनी जागा, कारण तिथून धावपट्ट्या समोर उघड्या दिसतात आणि दुपारी ऊन मागून येतं. ग्रिफिथ वेधशाळेची टेकडी निवडणाऱ्यांचा हिशोब निराळा: इतक्या खालून उडणारं विमान टेकडीवरून जवळजवळ नजरेच्या रेषेत येतं, एरवी न दिसणारी यानाची पांढरी पाठ दिसते.

एंडेव्हरचा मार्ग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. ह्यूस्टन, एल पासो असे मुक्काम करत जाताना 20 सप्टेंबरला ते टूसॉनवरून गेलं. गोळीबारातून वाचलेल्या तिथल्या माजी खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यासाठी मार्गात ही भर घातली होती. त्यांचे पती मार्क केली हे एंडेव्हरच्या शेवटच्या मोहिमेचे कमांडर. 21 तारखेला सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीवर धुकं होतं, तर ते विरावं म्हणून एडवर्ड्सहून उड्डाणच तासभर थांबवलं. लोकांना दिसावं म्हणून अवकाशयानाचं वेळापत्रक बदललं! मग सॅक्रामेंटो, गोल्डन गेट, मॉन्टेरे, लॉस एंजेलिस. दुपारी एकला काही मिनिटं कमी असताना चाकं टेकली. 905 आता ह्यूस्टनमध्ये उभं आहे, पाठीवर शटलची पूर्णाकृती प्रतिकृती घेऊन, आणि दोन्हींच्या आत लोकांना जाता येतं. 87 पैकी 70 फेऱ्या या एकट्या विमानाने केल्या.

वर नेऊन सोडण्याची ती जुनी शाखा आता आपल्याकडे फुटली आहे. 2 एप्रिल 2023 ला कर्नाटकातल्या चित्रदुर्ग जिल्ह्यात वायुदलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने इस्रोचं पंखवालं छोटं यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडलं आणि ते आपलं आपण धावपट्टीवर उतरलं. एंटरप्राइझची जी परीक्षा होती, तीच ही. फरक एवढाच की या यानात माणूस नाही. 2024 मध्ये 'पुष्पक' या नावाने आणखी दोन चाचण्या झाल्या. जूनमधल्या तिसऱ्या चाचणीत यान ताशी 320 किलोमीटरहून अधिक वेगाने टेकलं आणि ब्रेक पॅराशूटने तो वेग शंभराच्या आसपास आणला. या चाचण्या संरक्षण खात्याच्या बंदिस्त क्षेत्रात होतात, त्यामुळे त्या पाहायला आपल्या विमानवेड्यांना आजवर जाता आलेलं नाही. कक्षेत जाऊन येणारं मोठं पुष्पक होईल, तेव्हा इस्रोने कुंपणाबाहेरची एखादी उंच जागा आणि अंदाजे वेळ आधी जाहीर करावी. पहाटे तीनला निघून तिथे पोचणारे लोक या देशात भरपूर आहेत.