आलेखाची रसद

आज बोलायचं आहे वेबसाइटवरच्या आलेखांबद्दल. बोट ठेवलं की आकडा सांगणारे, वर्ष बदललं की रूप बदलणारे आलेख. यात निवृत्त फौजी कुठून आला, असं काहींना वाटेल. पण आलेखांचा आणि फौजांचा इतिहास जोडीनं चालत आला आहे.

१८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं क्रिमियातल्या ब्रिटिश सैनिकांचे मृत्यू आकृतीत मांडले. जखमांपेक्षा रोगराईनं जास्त जवान दगावले, हे एका नजरेत दिसलं. १८६९ मध्ये शार्ल मिनारनं नेपोलियनची १८१२ ची रशिया मोहीम एका पट्ट्यात दाखवली. जाताना ४,२२,००० माणसांएवढा रुंद असलेला पट्टा परतताना १०,००० वर येतो. भूक, थंडी, रोग आणि तुटलेली रसद, सगळं त्या पट्ट्यात आहे.

हे कागदावरचे आलेख आजही पाहता येतात. वेबवरच्या आलेखामागे मात्र तयार कोडचा संच असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. तिची रसद तुटली की आलेख गेला.

कोलकात्याचंच उदाहरण घ्या. २००२ मध्ये पल्लव नढाणी या किशोरवयीन मुलानं फ्यूजनचार्ट्स सुरू केली. तिचे आलेख फ्लॅशवर चालत. आयफोननं फ्लॅश कधी स्वीकारलंच नाही आणि २०२० अखेर ॲडोबीनं ते बंद केलं. फ्यूजनचार्ट्सनं आधीच जावास्क्रिप्टकडे मोर्चा वळवला होता, म्हणून ती टिकली. उलट गूगलनं २००७ मध्ये सुरू केलेली आलेखाचं चित्र पाठवणारी सेवा २०१२ मध्ये मोडीत काढल्याचं जाहीर झालं आणि २०१९ मध्ये ती थांबली. तिच्या भरवशावर राहिलेल्या पानांवरचे आलेख गेले. पुरवठादार मोठा असला म्हणजे पुरवठा कायमचा असतो, असं नाही.

आज पर्याय भरपूर आहेत. २००९ मध्ये नॉर्वेतून आलेली हायचार्ट्स पटकन कामाला लागते, पण व्यवसायासाठी तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. २०११ मध्ये स्टॅनफर्डमधून माइक बोस्टॉक आणि सहकाऱ्यांनी आणलेली डी-थ्री मोफत आहे आणि हवा तसा आलेख घडवू देते, पण शिकायला वेळ मागते. २०१३ ची चार्ट-जेएस सोपी आणि मोफत. ती कॅनव्हासवर रंगवते, त्यामुळे हजारो बिंदू तुलनेनं सहज पेलते. पण दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला त्या रंगवलेल्या चित्रातलं काही कळत नाही, मजकूर वेगळा द्यावा लागतो.

म्हणून निवड करताना मी नमुन्याची चमक शेवटी बघतो. आधी चार प्रश्न विचारतो. ही लायब्ररी कोण सांभाळतं, आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली? परवाना आपल्या कामाला चालतो का? साध्या मोबाइलवर, कमी नेटवर्कमध्ये आलेख उघडतो का? आणि उद्या ती बंद पडली तर आकडे आपल्या हातात राहतात का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आकडे साध्या तक्त्यात वेगळे जपून ठेवा. लायब्ररी बदलता येते. हरवलेले आकडे परत येत नाहीत. गावच्या पावसाची नोंद असो की शाळेच्या पटाची, पुढच्या पिढीला ती वाचता आली पाहिजे.

जय हिंद.