खडशीचे पाणी : मावळातील गोड्या पाण्याच्या मासेमारीचा इतिहास

सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेकडे उतरणाऱ्या खोऱ्यांना मावळ म्हणतात, आणि पुणे जिल्ह्यातील आजच्या मावळ तालुक्यात पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ ही तीन खोरी येतात. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावणारी इंद्रायणी, तिला मिळणाऱ्या कुंडलिका व आंद्रा या नद्या आणि दक्षिणेकडून वाहणारी पवना या सर्वांचे पाणी अखेरीस भीमेत, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. पावसाळ्यात तुडुंब भरून वाहायचे आणि उन्हाळ्यात डोहांच्या माळेपुरते उरायचे, हा या नद्यांचा मूळ स्वभाव होता. येथील मासेमारीची जुनी रीत या स्वभावाला धरूनच घडली, आणि तो स्वभाव बदलला तेव्हा ती रीतही मोडली.

मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर नदीतील मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत, आणि ओढ्यांतून भाताच्या खाचरांत चढतात. या चढणीला वलगण आणि त्या वेळी सापडणाऱ्या माशांना वलगणीचे किंवा चढणीचे मासे म्हटले जाते. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी या डोंगरकुशीतील समाजांना तसेच शेती करणाऱ्या कुणबी घरांना वर्षातील ताजे मासे सर्वांत सहज मिळत ते याच दिवसांत. बांध फोडून निघणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचे निमुळते सापळे लावणे, उथळ पाण्यात पाग म्हणजे फेकायचे गोल जाळे टाकणे, आणि उन्हाळ्यात ओढ्याची धार वळवून उरलेले डबके उपसणे, या त्यातील नेहमीच्या पद्धती होत. नदीकाठच्या मोठ्या गावांत मात्र जाळ्यावर पोट असलेला भोई समाज होता, आणि त्याचा धंदा पावसाळ्यापेक्षा डोहांवर अधिक अवलंबून असे.

गळाची विद्या या सर्वांहून निराळी होती, कारण गळ टाकणाऱ्याला मासा कोठे आहे यापेक्षा तो काय करतो आहे हे आधी कळावे लागते. वाम हा सापासारखा लांबट मासा रात्री दगडांच्या कपारींतून बाहेर पडतो, म्हणून त्याच्यासाठी अंधार पडल्यावर गांडूळ लावून गळ तळाशी सोडतात. डोक्याचा चपटा, सापाच्या तोंडाची आठवण करून देणारा मरळ काठच्या गवतात दबा धरतो आणि जिवंत बेडकीवर झडप घालतो. मिशा असलेला शिंगाळा तळ धरून राहतो. खडशी, म्हणजेच महाशीर, हा यातील सर्वांत जड आणि सर्वांत सावध मासा: मोठ्या खवल्यांचा, स्वच्छ व वेगवान पाण्यात आणि खडकाळ तळावर राहणारा, पावसाळ्यात वर चढून वाळू-गोट्यांच्या तळावर अंडी घालणारा. निवळ पाण्यात काठावरच्या माणसाची सावली जरी पडली तरी तो दूर जातो, आणि म्हणून पाणी किंचित गढूळ असताना, पूर ओसरू लागला की, त्याच्यावर गळ टाकण्याची रीत आहे. हे ज्ञान कोठे लिहिले गेले नाही. ते हाताखाली शिकले जाई.

या रीतींना केवळ निरागस मानणे इतिहासाला धरून होणार नाही. गेळ, हिंगणबेट यांसारखी फळे कुटून डोहात टाकून मासे गुंगवण्याची पद्धत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती, आणि पुढे तिची जागा सुरुंगाच्या दारूने घेतली तेव्हा लहानमोठा प्रत्येक जीव एकाच वेळी मरू लागला. दुसऱ्या बाजूला राखण करण्याचीही परंपरा होती. तालुक्याच्या सीमेलगत देहू येथे इंद्रायणीच्या डोहातील मासे वारकऱ्यांच्या श्रद्धेमुळे राखले गेले, भाविक त्यांना खाऊ घालत आले, आणि तेथे गळ पडत नसे. महाडजवळच्या वाळणकोंडीतही देवीच्या नावाने महाशीर असेच सांभाळले गेले आहेत. कायद्याच्या पुष्कळ आधी मासा वाचवणारी ही व्यवस्था होती, मात्र ती डोहापुरतीच होती. नदी तिच्या कक्षेत येत नव्हती.

लेखी इतिहासात ही मासळी प्रथम आली ती कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांच्यामुळे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ नंतरची काही वर्षे दख्खनमध्ये फिरताना त्यांनी लोकसंख्या, पीक आणि भूगोलाबरोबर पशुपक्षी व मासेही नोंदले, आणि दख्खनच्या माशांवरील त्यांचा शोधनिबंध १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या प्रकाशनात आला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या महाशीराला त्यांनी दिलेले 'खुद्री' हे जातिनाम आजही शास्त्रात टॉर खुद्री या रूपात चालू आहे, आणि मुसुल्ला, कोलुस, पोतैल, सांडखोल, मुल्ल्या, शिंगटी, इचकिया ही त्यांच्या निबंधातील इतर जातिनामेही कोळी-भोयांच्या तोंडून उचललेली दिसतात. मासे आणून देणाऱ्या माणसांची नावे त्या निबंधात आली नाहीत, त्यांचे शब्द मात्र आले. वसाहतकाळातील निसर्गविज्ञानाचा हा नेहमीचा व्यवहार मानावा लागतो. पुढे सुंदरलाल होरा व के. एस. मिश्र यांनी आणि ए. जी. एल. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात पुण्याच्या माशांवर लिहिले, आणि साइक्स यांच्या यादीची उजळणी झाली.

दांडी, चरखी म्हणजे दोर गुंडाळणारे रीळ, आणि पाण्यात चकाकत फिरणारा धातूचा चमचा यांनी सजलेली छंदाची मासेमारी हिंदुस्थानात आणली ती ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक १८७३ मध्ये निघाले आणि महाशीराला सॅमनच्या तोडीचा मासा ठरवणारी दृष्टी त्यामुळे रुजली. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांच्या अहवालाने बारीक आसांची जाळी आणि नदी अडवणारे बंधारे यांमुळे मासळी घटत असल्याचे सरकारसमोर मांडले. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने सुरुंग व विष यांनी मासे मारणे गुन्हा ठरवले. छंदी आणि शासक या दोघांची काळजी खरी होती, परंतु तिच्यात शिकारीसाठी मासा राखण्याचा स्वार्थही मिसळलेला होता, हे विसरता येत नाही. दरम्यान खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि लोणावळा मुंबईकरांच्या एका दिवसाच्या टप्प्यात आले. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेले भुशी धरण पुढे सहलीचे ठिकाण झाले, ही नदीकाठच्या सहलींच्या इतिहासातील मोठी गंमत आहे; दर पावसाळ्यात तेथे होणारी गर्दी आणि २०२४ च्या जूनअखेरीस त्या परिसरात प्रवाहात वाहून गेलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांचा मृत्यू ही तिची कडू बाजू होय.

खरा पालट मात्र धरणांनी घडवला. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी वळवण, लोणावळा आणि शिरोता येथे इंद्रायणीच्या माथ्यावरचे पाणी अडवले गेले, आणि हे पूर्ववाहिनी पाणी घाटाखाली सोडून १९१५ मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. १९२२ मध्ये आंद्रेवरील ठोकरवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचे केंद्र आले, तर मुळेवरील धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह लढला गेला. त्या लढ्यात शेतजमीन आणि गावे केंद्रस्थानी होती, आणि ते रास्तच होते. माशांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. वलगणीची वाट भिंतीने बंद झाली, खडशीला लागणारे वाहते पाणी उभे झाले, आणि गळ टाकणारा माणूस डोहाच्या काठावरून तलावाच्या काठावर येऊन बसला.

याच तलावांच्या काठी, वळवण येथे, १९७० च्या सुमारास टाटांच्या वीज कंपन्यांनी महाशीर पैदासीचे केंद्र उभे केले. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाच्या प्रजननाचा अभ्यास केला आणि एस. एन. ओगले यांनी ते काम पुढे नेले. पावसाळ्यात तलावातील पक्व मादीची अंडी हलक्या दाबाने काढून नराच्या रेताशी मिसळायची, फलित अंडी वाहत्या पाण्याच्या पसरट ट्रेमध्ये उबवायची आणि पिल्ले सशक्त होईपर्यंत सांभाळायची, अशी ही पद्धत होती. ओल्या कापसात ठेवलेली अंडी विमानानेही लांब पाठवता येतात असे आढळले, आणि लोणावळ्याचा महाशीर देशातील अनेक राज्यांत पोहोचला. धरणाने घालवलेला मासा धरणाच्याच मालकाने वाढवला, यात विरोधाभास असला तरी कामाचे शास्त्रीय मोल त्याने कमी होत नाही.

मोल कमी झाले ते दुसऱ्या कारणाने. कर्नाटकातील कावेरीत छंदी मासेमारांच्या संघटनेच्या पुढाकाराने लोणावळ्याची बीजे सोडली गेली, तेथे हा निळसर परांचा महाशीर झपाट्याने वाढला, आणि कावेरीच्या मूळच्या पाठीवर कुबड असलेल्या महाशीराची संख्या घटत गेली. अ‍ॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन यांनी २०१५ मध्ये छंदी मासेमारांच्या जुन्या नोंदींच्या आधारे ही घट दाखवून दिली. २०१८ मध्ये त्या कुबड्या माशाची ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. लोणावळ्याचा महाशीर याउलट संकटग्रस्तांच्या यादीतून उतरून कमी चिंतेच्या वर्गात गेला. आकडा वाढवणे म्हणजे जतन, हा समज येथे फसला.

मावळात आज गळाला लागणारी मासळीही पूर्वीची राहिलेली नाही. पवनेच्या जलाशयात आणि इतर तलावांत गंगेच्या खोऱ्यातील रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले जाते, आफ्रिकेतून आलेली चिलापी सर्वत्र पसरली आहे, आणि शहरांचे सांडपाणी इंद्रायणीच्या खालच्या टप्प्यात डोह निकामी करते आहे. रविवारी पुण्या-मुंबईहून दांडी-चरखी घेऊन येणारे छंदी मासे परत सोडण्याचा नियम आता अनेकदा पाळतात, आणि तो स्वागतार्ह आहे. त्यांच्याकडे आणखी इतकेच मागणे करावेसे वाटते, की परवानगी पाहूनच गळ टाकावा, खडशी लागली तर ओल्या हातांनी तिला सोडवून तेथल्या तेथे पाण्यात सोडावे, आणि एका नदीचा मासा कितीही आवडला तरी तो दुसऱ्या नदीत नेऊन टाकू नये.