पिन, पोत आणि नकार

विरारची लोकल म्हटलं की गर्दी आठवते. चढणारे, लटकणारे, चौथ्या सीटसाठी भांडणारे. पण या गाडीला आणखी एक इतिहास आहे, आणि तो कुठल्याही स्टेशनावर लिहिलेला नाही. नको असलेल्या माणसाला दूर कसं ठेवायचं, हे वसई, नालासोपारा, विरारच्या कितीतरी मुली या प्रवासातच शिकल्या. आज त्या विद्येविषयी थोडं बोलू या.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बेपर्यंत रोजची एक गाडी सुरू झाली. सकाळी जायची, संध्याकाळी परतायची. १९३६ मध्ये विजेवरची गाडी विरारपर्यंत आली. पुढे मुंबईत जागा परवडेनाशी झाली, तशी अनेक कुटुंबं इकडे सरकली आणि त्यांच्या लेकी नोकरीसाठी चर्चगेटकडे निघाल्या. साठ किलोमीटर जायचं, साठ यायचं. रोज तीच गाडी, तोच फलाट, तीच वेळ. मागे लागणाऱ्याला नेमकं हेच सोयीचं. त्याला पत्ता शोधावा लागत नाही, गाडीची वेळ पाठ असली की झालं.

अशा वेळी एकट्या मुलीने काय करायचं? पहिला उपाय भाषेतलाच. ‘दादा, जरा सरकता का?’ हा ‘दादा’ वाटतो तितका साधा नाही. आपल्या मराठीत नातं जोडूनही अंतर राखता येतं. एका शब्दात ती त्याला भाऊ करते आणि पुढचं सगळं बोलणं तिथेच संपवते.

दादाने भागलं नाही की पिन. पदराला, ओढणीला लावायची साधी सेफ्टी पिन. तिचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८४९ मध्ये घेतलं. तिचा असाही उपयोग होईल, हे त्यांच्या मनात आलं नसेल. गर्दीत ‘चुकून’ लागणाऱ्या हाताला पिनही मग ‘चुकून’ लागते. ही युक्ती फक्त आपल्याकडची नव्हे. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बग्गीत शेजारी बसलेला गृहस्थ अंगचटीला येऊ लागला, तेव्हा कॅन्ससहून आलेल्या एका तरुणीने टोपीची लांब पिन काढून त्याच्या दंडात खुपसली. वर्तमानपत्रांत ते गाजलं. आणि १९१० मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने काय केलं? नऊ इंचांहून लांब पिनांवर बंदी घातली! हात मोकळे राहिले, नियम पिनेला लागला.

तिसरा उपाय पोतीचा. लग्न न झालेली मुलगी प्रवासापुरतं खोटं मंगळसूत्र घालते, उतरल्यावर काढून पर्समध्ये ठेवते. आमच्या मुसलमान घरांतही लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळ्या मण्यांची पोत असते, त्यामुळे ही खूण सगळ्यांनाच वाचता येते. ती लागूही पडते, आणि वाईट वाटतं ते याचंच. तिने दहा वेळा ‘नाही’ म्हटलेलं त्याला ऐकू आलेलं नसतं. मणी दिसले की तो मागे हटतो. म्हणजे त्याने मान दिला तो तिच्या शब्दाला नव्हे, जगात नसलेल्या नवऱ्याला! आणि कपड्याने पाठलाग थांबतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी बुरख्यातल्या मुलींना एकदा विचारून पाहावं.

चौथा उपाय डब्याचा. १८९० च्या रेल्वे कायद्याच्या कलम ६४ ने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा बायकांसाठी राखायला सांगितलं. शंभर वर्षांनी कप्प्याची गाडी झाली. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल सोडली आणि १९९३ मध्ये ती विरारपर्यंत आली. या गाडीत बायका भाजी निवडतात, भजनं म्हणतात, डोळा लागला तरी पदराची काळजी करत नाहीत. पण गाडी विरारला थांबते. पुढे पूल आहे, रिक्षाचा स्टँड आहे, अंधारी गल्ली आहे. तिथे डबा सोबत येत नाही.

१९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जाळलं गेलं. अशा घटनांना आपण ‘एकतर्फी प्रेम’ म्हणत आलो. शब्दांशी रोजचा संबंध असलेल्या माझ्यासारखीला हा शब्द खटकतो. नकार सहन न होण्याला आपण प्रेम का म्हणावं?

कायद्याला हे कळायलाही वेळ लागला. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४ड आलं. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही जो पुरुष पुन्हा पुन्हा तिच्या मागे जातो किंवा तिच्याशी संपर्क साधू पाहतो, तो गुन्हेगार. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. यात महत्त्वाची आहे ती स्त्रीची नापसंती. नवऱ्याची खूण नाही, भाऊ नाही, भिंत नाही. तिने ‘नको’ म्हटलं, एवढं पुरे.

कप्प्याच्या कायद्यापासून या ‘नको’पर्यंत यायला आपल्याला एकशे तेवीस वर्षं लागली. कायद्यात लिहिलेलं फलाटावर उतरायला आणखी किती लागतील, ते मुलींच्या हातात नाही. त्यांनी त्यांची विद्या केव्हाच पुरी केली. घरोघरच्या मुलांना मात्र ‘नाही’ या शब्दाचा अर्थ अजून शिकवायचा आहे. तोवर मुलींच्या पर्समध्ये पिन राहणारच.