आश्रयदाता की गिऱ्हाईक?

दिवाळी आली की दुकानदार ‘आमचे ग्राहक, हितचिंतक व आश्रयदाते’ यांना शुभेच्छा देतात. यांतला ग्राहक कोणता आणि आश्रयदाता कोणता, असा प्रश्न मला नेहमी पडतो. इंग्रजांनी तो सोडवण्याची तसदीच घेतली नाही. त्यांचा ‘पेट्रन’ हा एकच शब्द कवीला पोसणाऱ्या सरदारालाही लागतो आणि खाणावळीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकालाही! हा शब्द मूळचा लॅटिन, ‘पिता’ या अर्थाच्या शब्दापासून झालेला. रोमन धन्याने गुलामाला मुक्त केले, तरी तो त्याचा ‘पात्रोनुस’ म्हणून उरेच. गुलामी सुटे, पण उपकार सुटत नसत. डॉ. जॉन्सन यांनी तर १७५५ च्या आपल्या कोशात या आश्रयदात्याला चांगलाच टोमणा मारला आहे.

आपले शब्द सरळ आहेत. आश्रयदाता देतो, ग्राहक घेतो. आमचे हट्टा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथल्या दरबारी उर्दूतही ‘सरपरस्त’ वेगळा आणि ‘खरीदार’ वेगळा. गावगाड्यात मात्र तिसरीच तऱ्हा होती. सुतार-कुंभारांना सुगीत खळ्यावर बलुते मिळे, तो ना उपकार, ना रोखीचा सौदा. तो हक्क होता. मात्र जन्माने बांधलेला हक्क, हेही विसरता येत नाही.

या दोन अर्थांमधली वाट आपल्या रंगभूमीने चालून दाखवली. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि मंडळींचा आधार गेला. भावे गावोगाव फिरू लागले. १८५३ साली मुंबईत, ग्रँट रोडच्या नाटकगृहात, त्यांनी तिकीट लावून खेळ केला. एका राजाची जागा शेकडो अनोळखी माणसांनी घेतली. राजाची मर्जी सांभाळणे संपले. पण नाटक पडले तर विचारणाराही कोणी उरला नाही. गिऱ्हाईक उपकार सांगत नाही, तसे ते जबाबदारीही घेत नाही.

१९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून ही परंपरा अशाच अनोळखी माणसांच्या पैशांवर उभी आहे. अंकाची किंमत मोजणारा वाचक ग्राहक खराच. पण पुढच्या वर्षीही तो आठवणीने अंक घेतो, शेजाऱ्याला वाचायला देतो, तेव्हा तो उर्मटपणाविना आश्रयदाता होतो. एवढ्यापुरता इंग्रजांचा घोटाळा मला शहाणपणाचा वाटतो.