राक्षसभुवनची लढाई आणि राजनीती

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, राक्षसभुवन हे शनीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी येथे पेशव्यांच्या फौजेने हैदराबादच्या निजाम अलीच्या सैन्याचा पाडाव केला. थोरल्या माधवराव पेशव्यांचा पहिला मोठा विजय म्हणून ही लढाई सांगितली जाते. तिच्या मागचे राजकारण मात्र फारसे स्वच्छ नव्हते.

मुळाशी भाऊबंदकी होती. माधवरावांचे चुलते रघुनाथराव यांनी पुतण्याविरुद्ध निजामाची मदत घेतली. यादवी वाढू नये म्हणून नोव्हेंबर 1762 मध्ये आळेगावी माधवराव स्वतः चुलत्याच्या स्वाधीन झाले. कारभार हाती येताच रघुनाथरावांनी जुने उट्टे काढायला सुरुवात केली. मिरजेच्या गोपाळराव पटवर्धनांवर स्वारी झाली, भवानराव प्रतिनिधींचे पद गेले. दुखावलेले हे सरदार निजामाकडे गेले, नागपूरकर जानोजी भोसलेही त्याला मिळाले. 1763 च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. कारभाऱ्यांच्या सूडाची किंमत भरली ती रयतेने.

पेशव्यांनी उत्तरही त्याच चालीने दिले. 32 लाखांच्या मुलुखाचे आमिष दाखवून जानोजींना फोडण्यात आले. राक्षसभुवनापाशी निजाम गोदावरी उतरून गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या काठावर राहिला आणि लढाईत मारला गेला. जानोजींना दिलेल्या मुलुखाचा मोठा भाग माधवरावांनी पुढे 1766 मध्ये परत घेतला. शब्द देणे आणि मोडणे हे दोन्ही तेव्हा राजकारणातच जमा होते.

परराज्याशी वागताना नीती अशी सैल असली, तरी घरच्या सत्तेवर धर्मशास्त्राचा धाक असावा, ही अपेक्षा जिवंत होती. माधवरावांनी न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांचा शब्द मानला, वेठबिगारीला आळा घातला. माधवरावांनंतर पेशवे झालेले त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा 30 ऑगस्ट 1773 रोजी खून झाला. चौकशीत दोष रघुनाथरावांवर आला, तेव्हा रामशास्त्रींनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. न्यायाधीशाच्या हाती याहून अधिक काही नव्हते. रघुनाथरावांना सत्तेवरून दूर केले ते बारभाईंनी, म्हणजे त्यांच्या विरोधातील कारभाऱ्यांच्या गटाने, तेही फौज आणि मुत्सद्देगिरीच्या बळावर. प्रायश्चित्त अमलात आलेच नाही. इंग्रजांशी झालेल्या सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव गोदाकाठीच कोपरगावी राहिले आणि 1783 मध्ये तेथेच वारले.