अर्धी गोळी

आमच्या हिला १९८३ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण, असं निदान झालं. त्याआधी दोन वर्षं आमांश समजून औषधं चालली होती. मग दुर्बीण घालून तपासणी झाली आणि सल्फासॅलॅझिनच्या जाडजूड गोळ्या सुरू झाल्या. दिवसाला आठ! लघवी केशरी व्हायची, तेव्हा आईला वाटलं सुनेला कावीळच झाली. रक्त पडणं थांबलं, पण डोकं दुखायचं, अन्नावरची वासना गेली. "दुखणं परवडलं, गोळ्या नकोत," असं ही म्हणायची. मी मास्तर माणूस, गोळ्या मोजून ठेवायचो आणि चुकवल्या की रागवायचो.

ही गोळी आली कुठून, हे मी तेव्हा कधी विचारलं नाही. आता वेळच वेळ आहे म्हणून वाचत बसलो.

स्वीडनमध्ये नाना स्वार्ट्झ नावाच्या डॉक्टर होत्या. (नाना म्हटल्यावर आपल्याला धोतर-टोपीतले गृहस्थ आठवतात, पण या बाई!) जन्म १८९०चा. १९३७ साली त्या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक झाल्या. स्वीडनच्या सरकारी विद्यापीठांतल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. त्यांना औषध हवं होतं संधिवातावर. संधिवात जंतूंमुळे होतो असा तेव्हा समज होता. तेव्हा जंतू मारायला सल्फापायरिडिन आणि सूज उतरवायला ॲस्पिरिनच्या कुळातलं एक सॅलिसिलेट, अशी दोन औषधं रासायनिक गाठ मारून एक केली. ती दिल्यावर असं दिसलं, की कोलायटिसच्या रोग्यांना चांगलाच उतार पडतोय. १९४२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. संधिवातासाठी केलेलं औषध आतड्याला लागू पडलं!

गंमत अशी, की पुढची पस्तीस वर्षं जगभर हे औषध दिलं गेलं, पण यातलं नेमकं गुण कोण देतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९७२ मध्ये अमेरिकेत पेपरकॉर्न आणि गोल्डमन यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की ती गाठ आतड्यातले जंतू सोडतात. ज्या उंदरांच्या पोटात जंतूच नव्हते, त्यांच्यात ती सुटली नाही. आपल्या पोटात जंतूंची दाट वस्ती मोठ्या आतड्यात, म्हणजे औषधही तिथेच मोकळं होतं. पण दोन तुकड्यांपैकी कामाचा कोणता?

हा प्रश्न ऑक्सफर्डला सिडनी ट्रूलव्ह यांच्याकडे सुटला. हे ट्रूलव्ह मोठे गृहस्थ. कॉर्टिसोनने या रोगाचा जोर ओसरतो, हे त्यांनी आणि विट्स यांनी १९५५ साली २१० रोग्यांच्या चाचणीतून दाखवलं होतं. त्यांच्या हाताखाली आझाद खान हे बांगलादेशातून आलेले तरुण डॉक्टर होते. दोन तुकडे सुटेसुटे तोंडाने दिले तर वरच्या आतड्यातच शोषले जाणार, मोठ्या आतड्यापर्यंत पोचणारच नाहीत. म्हणून त्यांनी एनिमाची वाट धरली. काहींना अख्खं औषध, काहींना नुसतं सल्फा, काहींना नुसतं सॅलिसिलेट. कुणाला काय दिलंय हे झाकून ठेवलेलं. अख्खं औषध किंवा सॅलिसिलेट मिळालेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांच्या आतड्याचं अस्तर सुधारलेलं दिसलं, नुसत्या सल्फाने ५ टक्क्यांच्या. १९७७ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. सल्फा म्हणजे नुसता हमाल! सॅलिसिलेटचं गाठोडं मोठ्या आतड्यापर्यंत वाहून न्यायचं, एवढंच त्याचं काम. आणि मळमळ, डोकेदुखी हे बरेचसे त्रास या हमालाचेच.

पुढे सल्फा वगळून, नुसतं सॅलिसिलेट खालपर्यंत पोचेल अशा वेष्टनातल्या गोळ्या निघाल्या. तेच मेसालामिन. सल्फासॅलॅझिन काही बाद झालं नाही, स्वस्त आहे आणि संधिवातावर आजही देतात. म्हणजे नानाबाईंचा नेमही अगदीच चुकला नव्हता. आझाद खान मायदेशी परतले आणि पुढे बांगलादेशच्या डायबेटिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले.

आमच्याकडे मेसालामिन आलं १९९६ साली, डॉक्टर बदलले तेव्हा. पंधरा दिवसांत ही सकाळचा चहा आवडीने प्यायला लागली. "बघा, मी म्हणत होते ना, त्या गोळ्यांतच काहीतरी होतं," म्हणाली. मी म्हटलं, "मनाचे खेळ असतात."

तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. आझाद खानांच्या प्रयोगाबद्दल मी वाचलं ते गेल्या महिन्यात.